लोकरीचे दोन तुकडे

स्कापुलर हा शब्द लॅटिन भाषेंतील खांद्याच्या नांवावरून आला आहे. मठांतील साधु काम करतांना झग्यावरून, पुढें व मागें लोंबणारा जो लांब पट्टा खांद्यांवर घेत, त्याचें हें नांव. कार्मेल संघांत तो पट्टा व्रताचें चिन्ह झाला. प्रापंचिकांस मठांत राहणें शक्य नसे. त्यांच्यासाठीं तेंच वस्त्र आखूड होत होत तपकिरी किंवा काळ्या लोकरीचे दोन तुकडे आणि दोन दोऱ्या एवढेंच उरलें. एक तुकडा छातीवर, दुसरा पाठीवर. दोन्ही पुढेंच लोंबत ठेवले तर तें वस्त्र रहात नाहीं, माळ होते. आणि माळेचा तावीज व्हावयास वेळ लागत नाहीं.

परंपरा सांगते कीं, १६ जुलै १२५१ रोजीं पवित्र मरियेनें संत सायमन स्टॉक यांस दर्शन देऊन हें वस्त्र दिलें. या प्रसंगाचा त्या काळचा लेख सांपडत नाहीं, हें आपण मोकळ्या मनानें मान्य करावें. त्यामुळें भक्तीस उणेपणा येत नाहीं. पोप बाविसावे योहान यांच्या नांवावर खपलेलें १३२२ सालचें आज्ञापत्र तर अभ्यासक बनावटच मानतात. रोमनें १६१३ सालीं या बाबतींत मोठा विवेक दाखविला: माउली आपल्या मृत भक्तांस मध्यस्थीनें साह्य करते, असा उपदेश करण्यास कार्मेली धर्मगुरूंस मुभा दिली, पण ती स्वतः शुद्धिस्थानांत उतरत आहे अशीं चित्रें काढण्यास मनाई केली. पुढें १७२६ सालीं कार्मेल माउलीचा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू झाला.

आपल्या किनाऱ्याशीं या संघाचा संबंध जुना आहे. अनवाणी कार्मेली १६२० सालीं गोव्यास आले. पियेर बेर्तेलो नांवाच्या फ्रेंच दर्यावर्द्यानें तेथेंच त्यांचें पूर्ण वस्त्र घेतलें व दिओनिसियुस हें नांव धारण केलें. १६३८ सालीं सुमात्रांतील अचे येथें त्यास हौतात्म्य आलें.

लोकर घामानें भिजते, कुजते. उष्ण देशांतील मिशनऱ्यांची ही अडचण ध्यानांत घेऊन पोप दहावे पायस यांनीं १६ डिसेंबर १९१० रोजीं स्कापुलराऐवजीं धातूचें पदक बाळगण्याची परवानगी दिली. एका बाजूस आपलें हृदय दाखविणारा येशू, दुसऱ्या बाजूस पवित्र मरिया. तथापि पहिली दीक्षा कापडानेंच झाली पाहिजे असें ठरलें, आणि भाविकांनीं जुनाच प्रघात चालू ठेवावा अशी इच्छाही पोपमहाराजांनीं व्यक्त केली. येथें एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. कापडी स्कापुलर झिजल्यास दुसरा घेऊन तसाच घालावा, नव्या आशीर्वादाची गरज नाहीं. अंगरखा फाटला म्हणून कोणी पुन्हां व्रत घेत नाहीं. पदक मात्र हरवलें तर नव्यास धर्मगुरूचा आशीर्वाद हवाच.

पुष्कळ जण चमत्कारी पदकास हेंच पदक समजतात. तें निराळें. पॅरिस येथें १८३० सालीं संत कॅथरीन लाबुरे यांस झालेल्या दर्शनावरून तें १८३२ सालीं, पटकीच्या सांथींत, घडविलें गेलें. त्याची भक्ति थोर आहे, परंतु तें स्कापुलराची जागा घेत नाहीं.

झिजलेले तुकडे केरांत टाकूं नयेत. ते जाळावेत किंवा पुरावेत.