प्रतिमा आणि रोजकीर्द : स्मॉलटॉकमधील लहान व्यापारी प्रणालींच्या साठवणीचा प्रश्न

पेढीच्या हिशेबास दोन वह्या लागतात. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने नोंदले जातात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार लावलेले असतात. खतावणीवरून आजची स्थिती कळते, रोजकीर्दीवरून ती स्थिती कशी उत्पन्न झाली हे कळते. खतावणी गहाळ झाली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा मांडता येते. उलट मात्र होत नाही. स्मॉलटॉक या संगणकभाषेत रचलेल्या लहान व्यापारी प्रणालींनी आपली माहिती कोठे व कशी ठेवावी, या प्रश्नाचा इतिहास या दोन वह्यांमधील भेद ध्यानात ठेवून वाचल्यास पुष्कळ उलगडतो. सामान्यतः तो इतिहास आकारमानाचा म्हणून सांगितला जातो : माहिती थोडी असेल तर साधी साठवण पुरे, पुष्कळ असेल तर डेटाबेस हवा. हे विवेचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे.

स्मॉलटॉकचा जन्म झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. अ‍ॅलन के यांची कल्पना, डॅन इंगॉल्स यांची रचना आणि अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांचे अध्यापनविषयक कार्य यांच्या संयोगातून स्मॉलटॉक-७२, स्मॉलटॉक-७६ आणि स्मॉलटॉक-८० अशी या भाषेची रूपे सिद्ध झाली. नावाची हकीकत भाषाभ्यासकांस रुचेल अशी आहे. त्या काळी संगणकप्रणालींना झ्यूस, ओडिन, थॉर अशा इंडो-युरोपीय देवतांची नावे देण्याची चाल होती, आणि त्या प्रणालींच्या हातून फारसे काही घडत नसे; म्हणून के यांनी मुद्दाम ‘किरकोळ गप्पा’ अशा अर्थाचे निरुपद्रवी नाव निवडले. या भाषेत जे काही आहे ते ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे वस्तू होय. संख्या ही वस्तू, खिडकी ही वस्तू, गिऱ्हाईक आणि बीजक याही वस्तूच. वस्तू परस्परांना संदेश पाठवितात, आणि त्या संदेशांतून सर्व व्यवहार चालतो.

साठवणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या सर्व वस्तू ज्या स्मृतीत नांदतात तिची जशीच्या तशी छबी डिस्कवर उतरवून ठेवता येते. हिलाच ‘इमेज’ किंवा प्रतिमा म्हणतात. सायंकाळी प्रतिमा जतन करून यंत्र बंद करावे आणि सकाळी ती उघडावी, तो उघड्या खिडक्या, अर्धवट लिहिलेले वाक्य आणि कालची सर्व बीजके जागच्या जागी असतात. वरवर पाहता येथे साठवणीचा प्रश्नच उरत नाही. गिऱ्हाइकांचा संग्रह एखाद्या वर्गाच्या सामायिक चलात ठेवला आणि प्रतिमा जतन केली की काम संपले. अनेक लहान प्रणालींनी हेच केले, आणि त्यांना अडाणी ठरविण्याचे कारण नाही.

तथापि प्रतिमेतील वस्तू एकमेकींना कशा ओळखतात, हे पाहणे अवश्य आहे. बीजकाजवळ गिऱ्हाइकाचे नाव नसते. गिऱ्हाइकाकडे रोखलेले बोट असते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा निर्देश दर्शक सर्वनामाचा आहे, विशेषनामाचा नाही. ‘हा’ आणि ‘तो’ म्हणून संभाषण उत्तम चालते, जोवर बोलणारे एका खोलीत आहेत तोवर. खोलीबाहेर पत्र पाठवावयाचे झाले की नाव, गाव, पत्ता लागतो. ई. एफ. कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित डेटाबेसाची जी उपपत्ती मांडली तिचे एक मर्म हेच होते. तत्पूर्वीच्या साठवणपद्धतींत एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे ठरावीक वाटांनी जावे लागे. वाटा बदलल्या की प्रणाली मोडत. माहितीचे परस्परसंबंध बोटांनी न दाखविता मूल्यांनी सांगावेत, हा कॉड यांचा आग्रह. उलट चार्ल्स बाखमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग व्याख्यानात प्रोग्रामरला नौकानयन करणाऱ्या खलाशाची उपमा देऊन वाटांच्या पद्धतीचाच पुरस्कार केला होता. स्मॉलटॉकची प्रतिमा बाखमन यांच्या दर्यावर तरंगते, आणि व्यापारी जग मात्र पुढील दोन दशकांत कॉड यांच्या बंदरात जाऊन स्थिरावले. पुढील सर्व अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

प्रथम अडचण अर्थातच जागेची आली. १९७३ साली तयार झालेल्या ऑल्टो यंत्राची स्मृती १२८ किलोबाइट आणि डिस्क अडीच मेगाबाइट होती. टेड केलर यांनी स्मॉलटॉक-७६ साठी ‘ऊझ’ नावाची योजना केली. तिच्यामुळे डिस्कवरील वस्तू लागतील तशा स्मृतीत आणल्या जात व एकंदर सुमारे ६५ हजार वस्तूंपर्यंत मजल जाई. निर्देशासाठी सोळा अंकस्थानेच असल्याने याहून अधिक वस्तूंना ओळख देणे शक्य नव्हते. यानंतर केलर आणि ग्लेन क्रॅस्नर यांनी ‘लूम’ ही योजना मांडली. तिचे वर्णन १९८३ साली प्रसिद्ध झाले. लूममध्ये प्रत्येक वस्तूला स्मृतीत सोळा स्थानांची आखूड ओळख आणि डिस्कवर बत्तीस स्थानांची लांब ओळख असे, आणि ये-जा करताना एकीचे दुसरीत रूपांतर होई. घरात हाक मारावयाचे नाव एक आणि दप्तरातील नाव दुसरे, असाच हा प्रकार. दोन्ही योजना जागेच्या टंचाईतून निघाल्या असल्या, तरी वस्तू खोलीबाहेर जाताना तिला दुसरे नाव द्यावे लागते ही गोष्ट लूमने प्रथमच उघड केली.

१९८४ साली जॉर्ज कोपलंड आणि डेव्हिड मायर यांनी स्मॉलटॉकलाच डेटाबेसाचे रूप देण्याचा विचार एका निबंधात मांडला. स्मॉलटॉक एका माणसाची, एका यंत्राची व एका स्मृतीची भाषा आहे. तिच्यात अनेकांचा एकाच वेळी वावर, अपघातानंतरची पूर्वस्थिती आणि मोठ्या संग्रहांतील शोध यांची सोय नाही, ही उणीव त्यांनी स्पष्ट केली. त्यातून ऑरेगन राज्यात ‘जेमस्टोन’ ही प्रणाली उभी राहिली. बोटे दाखविण्याची पद्धत तशीच ठेवून खोलीच एवढी विस्तीर्ण करावयाची की अनेक माणसे तीत एकाच वेळी वावरू शकतील, असा हा उपाय होता. पुढे जे. पी. मॉर्गनच्या ‘कॅपिटल’ या प्रणालीने आणि ओओसीएल या जहाज कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर वापरला. लहान दुकानाला मात्र एवढ्या मोठ्या वाड्याची झाडलोट दीर्घकाळ परवडणारी नव्हती.

दुसरा मार्ग कॉड यांच्या बंदराकडे जाणारा. वस्तूंची कोष्टके करावयाची आणि कोष्टकांच्या पुन्हा वस्तू. या दुभाषेपणासाठी कॅनडातील ऑटावा येथे ‘टॉपलिंक’ हे साधन प्रथम स्मॉलटॉकसाठीच तयार झाले. ते पुढे जावा भाषेत गेले व २००२ साली ओरॅकलकडे आले. स्मॉलटॉककरांसाठी नंतर ‘ग्लॉर्प’ हे मुक्त साधन झाले. दुभाष्याचे काम कधीच फुकट होत नाही. वारसा, संग्रह आणि परस्परनिर्देश यांचे कोष्टकांत भाषांतर करताना लहान प्रणालीतील निम्मे श्रम खर्ची पडतात, आणि व्यवहाराच्या नियमांपेक्षा भाषांतराचे नियमच अधिक लिहावे लागतात. परंतु दुकानदाराचा हिशेबनीस स्मॉलटॉक न शिकता त्या कोष्टकांना प्रश्न विचारू शकतो, ही सोय क्षुल्लक नव्हे.

या दोहोंच्या मध्ये फाइलींचा मार्ग आहे. पार्कप्लेस कंपनीच्या स्मॉलटॉकमध्ये ‘बॉस’ आणि १९९६ साली अवतरलेल्या स्क्वीकमध्ये ‘रेफरन्सस्ट्रीम’ या साधनांनी वस्तूंचे जाळे एका फाइलीत उतरविता येऊ लागले. पुढे फारो परंपरेत ‘फ्यूएल’ हे वेगवान साधन आणि ‘स्टॉन’ ही वाचनीय अक्षररूप पद्धत आली. येथे नवशिक्याची फसगत ठरलेली. एक बीजक लिहावयास घ्यावे, तर त्याच्या बोटास धरून गिऱ्हाईक येते, गिऱ्हाइकामागून त्याची सर्व बीजके, त्यांतून माल, मालातून पुरवठादार. पाहता पाहता सारे दुकान फाइलीत उतरते. यास्तव जाळे कोठे तोडावयाचे हे आधी ठरवावे लागते. २००८ साली स्क्वीकसाठी निघालेल्या ‘सँडस्टोन’ या लहान साधनाने प्रमुख वस्तूला स्वतंत्र ओळखक्रमांक व स्वतंत्र फाइल देऊन, इतर प्रमुख वस्तूंचा उल्लेख त्या क्रमांकानेच करावा असा दंडक घातला. कॉड यांचा धडा अशा रीतीने फाइलींच्या मार्गानेही परत आला.

आता आकारमानाकडे पुन्हा वळू. दिवसाला ५० बीजके, वर्षाचे ३०० कामाचे दिवस, असे २० वर्षांचे गणित केले तर बीजके होतात ३ लाख. प्रत्येकी एक किलोबाइट धरल्यास सुमारे ३०० मेगाबाइट. ऑल्टोच्या काळी ही मागणी हास्यास्पद ठरली असती. आज साध्या यंत्राच्या स्मृतीत एवढी माहिती सहज मावते. व्हँकुव्हर येथे रचलेली ‘डॅबल डीबी’ ही सेवा याच जाणिवेवर उभी होती. स्क्वीक आणि सीसाइड यांवर आधारलेल्या या सेवेत प्रत्येक ग्राहकसंस्थेची माहिती तिच्या स्वतंत्र प्रतिमेत नांदत असे. २०१० साली ट्विटरने ती कंपनी घेतली. सेवा मागाहून बंद झाली, पण त्याचे कारण साठवणपद्धतीत शोधू नये. लहान धंद्यापुरता जागेचा प्रश्न सुटलेला आहे, आणि तो सुटल्यावर जे शिल्लक राहते तेच खरे दुखणे होय.

स्मॉलटॉक-८० मध्ये प्रतिमेच्या जोडीला ‘चेंजेस’ नावाची एक अक्षररूप फाइल असते. प्रोग्रामरने बदललेली प्रत्येक पद्धत, चालवून पाहिलेले प्रत्येक वाक्य आणि प्रतिमा जतन केल्याची खूण तीत क्रमाने, आपोआप, शेवटास जोडली जाते. यंत्र मध्येच कोसळले तर जुनी प्रतिमा उघडावी आणि या फाइलीतील नंतरच्या नोंदी पुन्हा चालवाव्यात. दिवसभराचे लेखन परत मिळते. स्मॉलटॉकच्या रचनाकारांनी प्रोग्रामसाठी खतावणी आणि रोजकीर्द अशा दोन्ही वह्या दिल्या होत्या. धंद्यासाठी मात्र एकच. दुपारी फाडलेली चाळीस बीजके चेंजेसमध्ये येत नाहीत, कारण ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहिलेली नसून प्रोग्राम वापरणाऱ्याने निर्मिलेली असतात. वीज गेली की प्रोग्राम वाचतो आणि बीजके जातात. भाषा रचणाऱ्यांच्या दृष्टीसमोर वापरणारा आणि लिहिणारा एकच होता. के यांच्या मूळ कल्पनेत तर प्रत्येक मूलही स्वतःचे साधन स्वतः घडविणार होते. गल्ल्यावर बसलेला कारकून या चित्रात नव्हता, आणि ही उणीव त्याच्या वाट्यास आली.

प्रतिमा वारंवार जतन करणे हा यावरचा उपाय अर्धाच आहे. जतन होईपर्यंत काम थांबते, लिहिता लिहिता वीज गेली तर प्रतिमाच भंगण्याचा धोका असतो, आणि दोन जतनांमधील काळ उघडाच राहतो. निराळा विचार २००१ साली ब्राझीलमध्ये क्लाऊस वुएस्टेफेल्ड यांच्या ‘प्रेव्हेलर’ने मांडला; तो जावा भाषेत होता, पण त्याचे तत्त्व चेंजेसच्या जवळचे आहे. स्थिती बदलणारी प्रत्येक आज्ञा आधी फाइलीत लिहावी, मग स्मृतीत अमलात आणावी; अधूनमधून संपूर्ण छबी घ्यावी. या पद्धतीत एक मेख आहे. आज्ञा पुन्हा चालविली असता तोच परिणाम झाला पाहिजे. म्हणून ‘आजची तारीख’ प्रोग्रामने घड्याळास विचारून चालत नाही, ती आज्ञेतच लिहिलेली असावी लागते. करआकारणीचा नियम बदलल्यावर जुनी आज्ञा नव्या नियमाने चालविली तर मागील वर्षीचे बीजक निराळ्या रकमेचे निघेल. तेव्हा आज्ञेबरोबर तिची निष्पत्ती, म्हणजे रक्कम, कर आणि बीजकक्रमांक, हीदेखील लिहून ठेवणे भाग आहे. जुने मुनीम दर आणि आकार दोन्ही लिहीत.

वर्गाच्या घडणीतील बदल हाही याच कुळातील प्रश्न. चालू प्रतिमेत ‘गिऱ्हाईक’ या वर्गास दूरध्वनीचा रकाना जोडला की अस्तित्वात असलेल्या सर्व गिऱ्हाइकांना तो तत्क्षणी, रिकामा का होईना, प्राप्त होतो; प्रतिमेसारखे सुख दुसरे नाही. जेमस्टोनमध्ये जुन्या वस्तू जुन्या वर्गातच राहतात व स्थलांतर वेगळे करावे लागते. पण पाच वर्षांपूर्वी फाइलीत उतरविलेल्या वस्तू आजच्या वर्गाने वाचावयाच्या झाल्या की जुन्या लिपीतील कागद हाती घ्यावा तसे होते : अक्षर तेच, पण रकाने जुळत नाहीत.

तेव्हा एकाच यंत्रावर एक-दोन माणसांनी चालवावयाच्या प्रणालीने प्रतिमेतच नांदावे, हे मत आजही समर्थनीय आहे. अट एवढीच की प्रत्येक व्यवहार घडताक्षणी अक्षररूप फाइलीच्या शेवटास लिहिला जावा, आणि त्या ओळीत वस्तूंचा निर्देश बोटाने नव्हे तर बीजकक्रमांक, खातेक्रमांक अशा धंद्याच्या स्वतःच्या नावांनी व्हावा. दोन यंत्रांवरून एकाच खात्यात लिहावयाचे झाले की ही व्यवस्था अपुरी पडते, आणि मग कोष्टकांचा डेटाबेस किंवा जेमस्टोन यांचे ओझे पत्करणे प्राप्त होते. पेढी किती मोठी यापेक्षा खाते लिहिणारे हात किती, हा येथे निर्णायक प्रश्न होय.

प्रतिमेच्या आयुष्याविषयी एक उदाहरण नोंदण्याजोगे आहे. झेरॉक्सच्या नोटटेकर या यंत्रासाठी केलेल्या स्मॉलटॉक-७८ ची प्रतिमा एका जपून राहिलेल्या डिस्कवरून मिळाली, आणि २०१४ साली इंगॉल्स, बर्ट फ्रॉयडेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा चालती केल्याचे प्रसिद्ध केले. साडेतीन दशकांपूर्वीच्या वस्तू जाग्या झाल्या. मात्र त्यासाठी त्या यंत्राचा दुभाष्या जावास्क्रिप्ट भाषेत नव्याने लिहावा लागला, आणि त्या कामी मूळ रचनाकार स्वतः उपस्थित होते. त्याच काळातील एखाद्या दुकानाची अक्षररूप नोंद कोणत्याही यंत्रावर, कोणाही कारकुनास, वाचता आली असती.