चेहरा नसलेली आई

आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत मागावर हयात गेलेल्या माणसाला साडी काठावरून ओळखता येते. म्हणूनच चित्रकार हुसेनांच्या चित्रांतल्या मदर तेरेसा मला थेट भिडल्या. मकबूल फिदा हुसेन आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे, जन्म १९१५चा. आई इतक्या लहानपणी गेली की तिचा चेहरा त्यांना आठवत नसे. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवताना त्यांनी नटनट्यांचे भलेमोठे चेहरे काढले. मदर तेरेसांच्या चित्रमालिकेत मात्र चेहऱ्याची जागा मोकळीच ठेवली. पांढरी साडी, निळा काठ, मांडीवर पोर. तेवढ्यावर ओळख पटते आणि त्या मोकळ्या जागेत ज्याला त्याला आपली आई दिसते. २०११ साली हुसेन लंडनमध्ये वारले. सोलापूरच्या शिक्षकांनो, ही चित्रं मुलांना जरूर दाखवा. हा चित्रकार आपल्या मातीतला आहे.