वारकरी वीणा

वारकरी वीणा हे महाराष्ट्रातील वारकरी संप्रदायात भजन, कीर्तन, दिंडी व नामसप्ताह या प्रसंगी वाजविले जाणारे चार तारांचे, पडदे नसलेले तंतुवाद्य आहे. वाद्याचा पट्टा खांद्यावरून घेऊन ते छातीशी आडवे-तिरपे धरतात आणि उभ्याने किंवा चालता चालता उजव्या हाताच्या बोटाने छेडतात. नावात 'वीणा' असली तरी रुद्रवीणा किंवा सरस्वती वीणा या पडद्यांच्या वाद्यांशी तिचे साम्य थोडे आहे. रचनेने ती लहान आकाराचा तंबोराच होय. तिच्यावर राग वा चाल वाजवीत नाहीत. गायनाला अखंड आधारस्वर पुरविणे एवढेच तिचे सांगीतिक काम आहे. एकाच तारेच्या एकतारीपेक्षाही ती वेगळी आहे, मात्र बोलीभाषेत या दोन्ही नावांची सरमिसळ होते.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके संत तुकाराम महाराजांच्या पालखीमार्गावर असल्याने आषाढी वारीच्या काळात तेथे या वाद्याचे सर्वाधिक दर्शन घडते. गावोगावच्या मंदिरांतून आणि दिंड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जुन्या वीणा आजही वापरात आहेत. जुनी वीणा जपणे म्हणजे ती वाजती ठेवणे, ही या परंपरेतील धारणा वाद्यसंग्रहाच्या प्रचलित कल्पनेहून भिन्न आहे.

रचना

वीणेचे मुख्य भाग तंबोऱ्याचेच आहेत: खाली वाळविलेला भोपळा, त्याला जोडलेली पोकळ लाकडी दांडी, भोपळ्याचे तोंड झाकणारी लाकडी तबली, तबलीवरची रुंद घोडी आणि दांडीच्या टोकाला चार खुंट्या. तारा घोडीवरून दांडीवरील मेरूपर्यंत जातात व तेथून खुंट्यांना गुंडाळल्या जातात. काही वाद्यांत भोपळ्याऐवजी कोरीव लाकडाचे भांडे असते. ते जड असते, पण धक्क्याने फुटत नाही.

घोडीचा पृष्ठभाग सपाट नसून किंचित बाकदार असतो. कंप पावणारी तार या उतारावर हलकेच टेकत राहते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर उमटतात. या घासकामाला जवारी लावणे म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा अभाव असायला हवा, तेही या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले. तंबोऱ्याच्या खर्जातून 'आपोआप' ऐकू येणारा गंधार हा तारेचा पाचवा उपस्वर होय.

वीणेत हा परिणाम तंबोऱ्याइतका खुलत नाही. तिचा भोपळा लहान, तार आखूड, आणि भोवती टाळ-मृदंगाचा गजर. शंभर टाळांच्या दिंडीत वीणेचा नाद विणेकऱ्याखेरीज क्वचितच कोणाला ऐकू येत असेल. तरीही तिच्यावाचून दिंडी पूर्ण मानली जात नाही, याचे कारण संगीताबाहेर शोधावे लागते.

विणेकरी आणि दिंडी

दिंडीत पुढे भगव्या पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंगवादक आणि मागे विणेकरी, तर तुळशी वृंदावन घेतलेल्या स्त्रिया त्यांच्यासोबत, असा सामान्य क्रम असतो. विणेकरी हा दिंडीचा प्रमुख समजला जातो. कोणता अभंग म्हणायचा, कोठे थांबायचे याविषयी त्याचा शब्द मानतात. भेटणारा वारकरी विणेकऱ्याच्या पाया पडतो. तो नमस्कार माणसाला की वीणेला, असा भेद करण्याचे कारण कोणाला पडत नाही. वयाने लहान असलेल्या विणेकऱ्याच्या पायांवरही ज्येष्ठ वारकरी डोके ठेवतात.

पालखीसोहळ्याची परंपरा तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ.स. १६८५ मध्ये सुरू केली, असे मानले जाते. देहूहून निघालेली पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत या मार्गाने बारामतीस येते. पुढे काटेवाडीत परीट समाजाकडून धोतरांच्या पायघड्या घालून स्वागत होते व मेंढ्यांचे रिंगण होते. इंदापूर तालुक्यात सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी ही गावे मार्गावर येतात. बेलवाडी व इंदापूर येथे गोल रिंगण होते. त्यात पताकाधारी, तुळशी घेतलेल्या स्त्रिया, टाळकरी यांच्याप्रमाणे विणेकरीही रिंगणात धावतात. एका हाताने दांडी छातीशी घट्ट धरून, भोपळा कोणाला लागणार नाही अशा बेताने धावणे हे सवयीचे काम आहे. सराटी येथे नीरा नदीत पादुकांचे स्नान होऊन पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते.

वीणा पहारा

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस व सात रात्री वीणा खाली ठेवीत नाहीत. गावकरी आपसांत तास वाटून घेतात. एकेका व्यक्तीच्या वाट्याला आलेल्या वेळेस पहारा म्हणतात. दोन तासांचा पहारा धरल्यास एका सप्ताहात चौऱ्याऐंशी पाळ्या होतात. लहान गावात एवढे लोक जमविणे हाच सप्ताहाच्या तयारीचा मोठा भाग असतो, आणि मध्यरात्रीनंतरचे पहारे कोणी घ्यायचे यावर बरीच चर्चा होते. पाळी संपताना नवा विणेकरी समोर उभा राहतो, दोघे एकमेकांस वाकून नमस्कार करतात, आणि तार छेडणे न थांबविता पट्टा एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. काल्याच्या कीर्तनाने सप्ताहाची सांगता झाल्यावरच वीणा विसावते. पंढरपुरातील काही मठांत असा पहारा वर्षभर चालतो.

पहाऱ्याला गाता येण्याची अट नसते. ज्याला अभंग पाठ नाहीत तो नुसते नाम घेत तार छेडतो. त्यामुळे गावातील एकच वीणा शेतकरी, शिक्षक, दुकानदार, शाळकरी मुले अशा शेकडो हातांतून जाते. तार छेडण्याची प्रत्येकाची ढब वेगळी असते. जोराने ओढणाऱ्यांमुळे तारा वारंवार तुटतात आणि घोडीवर खोल चरे पडतात. जुन्या वीणेची झीज बहुतांशी याच ठिकाणी दिसते.

भोपळा आणि भीमाकाठ

वीणा, तंबोरा व सतार यांना लागणारा भोपळा हा कडू दुध्याचा (लॅजेनेरिया सिसेरारिया) मोठा वाण होय. कडूपणामुळे त्याला कीड कमी लागते, आणि तो खाण्याच्या उपयोगाचा नसल्याने वेलावरच पूर्ण पिकू दिला जातो. या भोपळ्यांसाठी भीमेचे खोरे, विशेषतः पंढरपूर व मंगळवेढ्याकडचा परिसर, प्रसिद्ध आहे. हीच भीमा त्याआधी इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून वाहते आणि नीरा नरसिंहपूर येथे तिला नीरा मिळते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यानंतर या खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढले. ऊस हमखास पैसा देतो. भोपळ्याचे गिऱ्हाईक मात्र मोजके कारागीर, आणि वाहतुकीत तडा गेला की मालाची किंमत शून्य. वाद्यांच्या भोपळ्याची शेती त्यामुळे थोड्याच शेतकऱ्यांकडे उरली आहे.

पिकलेला भोपळा कित्येक महिने वाळवून, कापून, आतील गर व बिया काढून वापरतात. चांगला भोपळा जाड सालीचा, डागविरहित व दोन्ही बाजूंनी सारखा गोल असावा लागतो.

निर्मिती

वीणा तयार करण्याचे प्रमुख केंद्र सांगली जिल्ह्यातील मिरज हे आहे. पंढरपूरच्या बाजारातही वीणा विकत मिळतात. मिरजेत एकोणिसाव्या शतकात, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, शस्त्रांना धार व झिलई करणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर शस्त्रांची मागणी घटल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. पुढे 'सतारमेकर' हेच अनेक घराण्यांचे आडनाव झाले आणि त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली म्हणू लागले. मिरजेत वास्तव्य केलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वीणेची त्यात स्वतंत्र नोंद नाही. वारकऱ्यांची वीणा घडविणारे हात बहुधा मुसलमान कारागिरांचे असतात, ही गोष्ट दोन्ही बाजूंना इतकी सवयीची आहे की तिचा उल्लेख क्वचितच होतो.

जुन्या वीणा

जगभरात जुन्या लहान तंतुवाद्यांचे संग्राहक वाद्य मूळ स्थितीत असण्याला महत्त्व देतात. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १८९८ पासून गिटारांवर क्रमांक घातले, पण युकुलेलींवर ते घातले नाहीत. म्हणून जुन्या युकुलेलीचे वय तिच्या खुंट्या, शिक्के व सजावट पाहून ठरवितात, आणि एखादी खुंटी बदललेली असली तरी किंमत उतरते. वारकरी वीणेला हे माप लागू पडत नाही. पन्नास-साठ वर्षे पहाऱ्यात असलेल्या वीणेच्या तारा असंख्य वेळा, घोडी व खुंट्या अनेकदा आणि तबली वा भोपळाही एखाद्या वेळी बदललेला असतो. दांडी तीच राहिली की गावाच्या लेखी वीणा तीच असते. काही वेळा दांडीही बदलते आणि तरीही ती 'आजोबांच्या वेळची वीणा'च राहते.

वय ओळखण्यास साहित्याची मदत होते. जुन्या घोड्या हस्तिदंताच्या वा सांबरशिंगाच्या असत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी या वस्तूंच्या व्यापारावर बंदी आल्यानंतर हाड, कठीण लाकूड व कृत्रिम पदार्थ वापरले जाऊ लागले. नक्षीतील सेल्युलॉइडच्या पट्ट्या, लाखेची झिलई आणि खुंट्यांची घडण यांवरूनही अंदाज बांधतात. जुन्या घोडीचे वाद्य विकणे कायद्याने अडचणीचे आहे. शंभर वर्षांहून जुने वाद्य पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार पुरावशेष ठरू शकते व मग ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी अल्पवयात वारलेल्या आपल्या मुलाच्या नावाने हा संग्रह उभारला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथील वाद्यांची मूळ घडण व नक्षी टिकून राहते आणि अभ्यासकांना ती पाहता येते. देवळातील वीणेची मूळ घडण टिकत नाही, तिचा आवाज मात्र टिकतो. अभ्यासाला दोन्हींची गरज असली, तरी जवारी लावणारा कारागीर कामात राहतो तो दुसऱ्या प्रकारच्या वीणेमुळेच.

निगा

आषाढी वारी पावसाळ्यात असल्याने भिजणे हा वीणेचा मुख्य धोका आहे. ओलाव्याने भोपळ्याचे व दांडीचे जोड सुटतात, खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि तारा गंजतात. पाऊस येताच विणेकरी वीणेवर प्लॅस्टिकचा कागद ओढतो व त्याखाली हात घालून तार छेडणे चालू ठेवतो. भोपळ्याला बारीक तडा गेल्यास आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवितात. दुरुस्ती नीट असल्यास आवाजात फारसा फरक पडत नाही. वारीहून परतल्यावर तारा सैल करून वीणा काही दिवस सावलीत वाळू देतात. नंतर ती मंदिरात खुंटीला टांगतात किंवा भोपळ्याखाली कापडाची चुंबळ देऊन उभी ठेवतात. उंदीर व वाळवीमुळे बंद पेटीत ठेवणे टाळले जाते. पुढील सप्ताहाच्या आधी तारा नव्या घालून स्वर जुळवितात आणि घोडीवरचे चरे जास्त झाले असल्यास वाद्य जवारीसाठी मिरजेस किंवा पंढरपुरास पाठवितात.