श्रुतपंचमी : पोथी उघडण्याचा सण

वाचकहो, वर्षाचे सण मोजायला बसलो तर गुढीपाडव्यापासून होळीपर्यंत आपण सहज मोजत जाऊ. त्या मोजणीत ज्येष्ठ शुद्ध पंचमी बहुधा येणार नाही. वटपौर्णिमेच्या दहा दिवस आधीची ही तिथी. शेतात पेरणीची धांदल असते आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. दिगंबर जैन समाजात मात्र या दिवशी पोथ्यांची पूजा होते. या सणाला श्रुतपंचमी म्हणतात. एखाद्या महापुरुषाचा जन्म किंवा युद्धातला विजय त्यामागे नाही. एक ग्रंथ लिहून पुरा झाला, त्याचा हा सण आहे.

श्रुत म्हणजे ऐकलेले. महावीरांचा उपदेश कित्येक शतके गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी असाच आला. पाठ असलेले एकेक जण गेले, तसे ज्ञानही तुटत गेले. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेन नावाचे वृद्ध आचार्य राहत होते. आपल्यामागे हे ज्ञान उरणार नाही, ही चिंता त्यांना लागली. त्यांनी दक्षिणेकडील मुनिसंघाला निरोप धाडला आणि दोन मुनी आले. पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी आपण त्यांना ओळखतो.

परंपरा सांगते की शिकवण्याआधी धरसेनांनी दोघांची परीक्षा घेतली. एकाला दिलेल्या मंत्रात एक अक्षर जास्त होते, दुसऱ्याच्या मंत्रात एक कमी. साधना करताच एकापुढे दात पुढे आलेली देवता उभी राहिली, दुसऱ्यापुढे एका डोळ्याची. देवतेचे रूप असे नसते, हे ओळखून दोघांनी आपापला मंत्र स्वतःच दुरुस्त केला. मग गुरूने शिकवायला सुरुवात केली. माझ्या धंद्यात ही गोष्ट मला रोज आठवते. चिठ्ठीवर ३० च्या जागी २०० लिहिले की औषधाची शक्तीच बदलते. लिहिणाऱ्याची जबाबदारी अक्षराएवढी बारीक असते.

शिक्षण संपल्यावर दोघांनी गुजरातेत अंकलेश्वर येथे पावसाळा काढला. पुढे पुष्पदंत वनवासीला, म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासीला गेले. तेथे त्यांनी पहिली १७७ सूत्रे रचली आणि जिनपालित या शिष्याबरोबर भूतबलींकडे पाठवली. उरलेला सारा ग्रंथ भूतबलींनी पुरा केला. तोच शौरसेनी प्राकृतातील ‘षट्खंडागम’. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला संघाने त्या ग्रंथाची पूजा केली, असे परंपरा मानते. विसरण्याच्या भीतीतून लेखन झाले आणि लेखनातून सण झाला.

पण वाचकहो, गोष्ट येथे संपत नाही. राष्ट्रकूटांच्या काळात वीरसेनांनी या ग्रंथावर ‘धवला’ ही टीका लिहिली. तिचा विस्तार ७२ हजार श्लोकांइतका मानतात. पुढे कित्येक शतके या ग्रंथाच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्री पोथ्या दक्षिणेत मूडबिद्रीच्या बसदीत तेवढ्या उरल्या. यात्रेकरू येत, पोथीचे दर्शन घेत, हात जोडून परत जात. वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता. हरवू नये म्हणून पोथी जपली गेली, आणि जपता जपता ती बंद झाली. ताडपत्रे आतून झिजत, तुटत होती.

१८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेला गेले असता त्यांनी हे पाहिले. त्यांनी ही गोष्ट सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांच्या कानावर घातली. बऱ्याच खटपटीनंतर १८९६ च्या सुमारास नकला करण्याचे काम सुरू झाले आणि ते पंचवीसहून अधिक वर्षे चालले. नकलाकारांत मिरजेचे गजपती उपाध्याय होते. नकल मूडबिद्रीबाहेर जाऊ नये अशी तेथील व्यवस्थापकांची इच्छा होती. गजपतींनी घरी गुपचूप आणखी एक प्रत उतरवली. त्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मोठा हात होता. ती प्रत सहारनपूरला पोहोचली आणि तिच्या नकला पुढे ठिकठिकाणी गेल्या.

हे योग्य झाले का? विश्वासाने सोपवलेली वस्तू गुपचूप उतरवणे निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. पण त्या नकलांच्या आधारेच प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून ‘धवला’चा पहिला खंड छापला. पुढे सुमारे वीस वर्षांत १६ खंड निघाले. त्या कामात आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचाही हात होता. खंड निघू लागल्यावर मूडबिद्रीकरांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहू दिले. पहिल्या भागातील ९३ व्या सूत्रात एक शब्द असायला हवा, असे संपादकांनी अर्थावरून सुचवले होते. नकलांत तो नव्हता, ताडपत्रात निघाला. एक अक्षर कमी असलेल्या मंत्राची गोष्ट तेव्हा मला पुन्हा आठवते.

आता घरची गोष्ट. आजोबांची मोडीत लिहिलेली एक वही आमच्या घरी तांबड्या रुमालात बांधलेली असे. दर श्रुतपंचमीला आम्ही ती पाटावर ठेवत असू, अक्षता वाहत असू आणि तशीच बांधलेली पुन्हा कपाटात ठेवत असू. आजोबा गेल्यावर घरात कोणाला मोडी येत नव्हती. वडिलांच्या पश्चात मी रुमाल सोडला, तेव्हा वरची चार पाने शाबूत होती. खाली वाळवीने केलेला भुगा होता. आम्ही तीस वर्षे त्या भुग्याची पूजा करत होतो. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच.

म्हणून हा सण कसा करावा, ते सांगतो. तिथी पावसाच्या तोंडावर येते, हे ध्यानात घ्या. घरातले जुने कागद, वह्या, पत्रे, पोथ्या बाहेर काढा. कडक उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर ठेवा. मऊ कुंचल्याने धूळ आणि कसर झटका. कोरड्या, स्वच्छ सुती कापडात बांधा. बांधण्याआधी निदान एक पान मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला घरी बोलवा. फोटो काढून एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पाठवा.

यासाठी जैन असण्याची गरज नाही. बडोद्याच्या वाचकांना श्वेतांबरांची ज्ञानपंचमी ठाऊक असेलच. दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध पंचमीला, गुजरातेत लाभपाचम असते त्याच दिवशी, तीही ज्ञानाची आणि ग्रंथांची पूजा आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, कोठेही पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांचे मोडी कागद असतात. ते वाचणारे हात दर वर्षी कमी होत आहेत. धरसेनांची चिंता आज आपल्या दाराशी आहे. येत्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला रुमाल सोडा.