ओजे २८७ : भडक्याची तारीख सांगणारा ब्लेझार

उदगीरकरांना पुष्य नक्षत्र नवं नाही. म्हाताऱ्या पावसाचं नक्षत्र ते. त्याच दिशेला, कर्क राशीत, सुमारे साडेतीन अब्ज प्रकाशवर्षांवर ओजे २८७ नावाचा ब्लेझार आहे. ब्लेझार म्हणजे काय? दीर्घिकेच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर, त्याच्याजवळून जवळपास प्रकाशाच्या वेगानं निघणारा झोत, आणि तो झोत नेमका आपल्या रोखानं.

आता गंमत बघा. ब्लेझार हा शब्दही नव्हता तेव्हापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, तो आकाशाच्या फोटोंच्या काचांवर उमटत होता. फोटो घेणारे बघत होते दुसरंच काही. काचा मात्र जपून राहिल्या. १९८८ साली फिनलंडच्या आयमो सिलान्पा आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी जुळवल्या, तर साधारण दर बारा वर्षांनी भडका! त्यांचा तर्क असा, की तिथं एक नाही, दोन कृष्णविवरं आहेत. पुढचा भडका त्यांनी १९९४ साली सांगितला, आणि तो आला.

नंतर मौरी वाल्टोनेन यांच्या गटानं हे चित्र नेमकं केलं. लहान विवर मोठ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीला एका फेरीत दोनदा भेदतं, तेव्हा भडका उडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लंकेश्वर डे आणि ए. गोपकुमार यांनी त्यांच्यासोबत आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानं कक्षा बारकाईनं मांडली. तारीख निघाली ३१ जुलै २०१९. पण तेव्हा सूर्यच पुष्यात! पृथ्वीवरून दिसणार कसं? सुमारे २५ कोटी किलोमीटर दूर असलेल्या स्पिट्झर दुर्बिणीनं अवरक्त प्रकाशात तो टिपला. भाकितात फरक चार तासांच्या आतला.

इथं गोष्ट संपत नाही बरं का. पुढचा भडका ऑक्टोबर २०२२ मध्ये अपेक्षित होता. स्टेफनी कोमोसा यांचा गट रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंत पाळत ठेवून होता. त्यांना तो दिसला नाही. मोठं विवर १८ अब्ज सूर्यांचं नसून १० कोटींच्या आसपासचं असावं, असं ते म्हणतात. वाल्टोनेन गटाचं सुधारित गणित सांगतं, की भडका जुलै-ऑगस्टमध्येच, सूर्याआड, होऊन गेला.

मग निवाडा कसा व्हायचा? तबकडीवरच्या आघाताचा उजेड मुख्यतः दृश्य आणि अवरक्त प्रकाशात; झोतातला भडका रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत पसरतो. एकाच दुर्बिणीला हा भेद कळत नाही. म्हणून सगळ्या तरंगलांबींत, सतत बघायचं, आणि काही दिसलं नाही तरी त्या दिवसाची नोंद ठेवायची. काचांनी शंभर वर्षांत हेच केलं.