मनोरुग्णालयांवरील दंडाधिकाऱ्याची मोहोर

१९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाने स्वेच्छेने येणाऱ्यांनाही दार उघडे ठेवले होते. तरी प्रवेशाचा मुख्य मार्ग दंडाधिकाऱ्याचा ‘स्वीकृती आदेश’, म्हणजे रुग्णाला ठेवून घेण्याचा लेखी हुकूम, हाच राहिला. १९२० च्या दशकात ‘असायलम’ हे नाव जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आले, पण पाटी बदलल्याने भिंती बदलत नाहीत. १९४६ च्या आरोग्यविषयक भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी केलेल्या पाहणीत बहुतेक इमारती उपचारांसाठी नव्हे, तर कोंडून ठेवण्यासाठी बांधल्याचे दिसले. खाटा देशभरात जेमतेम १०,००० च्या आसपास, म्हणजे सुमारे ४०,००० लोकांमागे एक. स्वातंत्र्यानंतर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील सरकारी रुग्णालयांचा कारभारही याच कायद्याखाली चालला. हा कायदा १९९३ मध्येच हटला.