गिअर : हाताकडून पायाकडे

मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने बदलायचा, हे आज इतके अंगवळणी पडले आहे की तो पहिल्यापासून तिथेच असावा असे वाटते. तसे नाही. सुरुवातीच्या अनेक मोटारसायकलींचा गिअरदांडा पेट्रोलच्या टाकीशेजारी असे. चालत्या गाडीवर एक हात हँडलवरून काढावा लागे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या व्हेलोसेट कंपनीने पायाचा असा दांडा आणला, की एकदा दाबला की एकच गिअर बदले. आजची मोटारसायकल त्याच युक्तीवर चालते.

आपल्याकडे मात्र पुष्कळांनी गिअर आधी हाताने शिकला. ठाण्याच्या अलीकडे भांडुपला 'ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' लॅम्ब्रेटा स्कूटर तयार करी. पुढे आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटर आल्या. १९७२ मध्ये चेतक आली. या गाड्यांवर क्लच दाबून डावी मूठच फिरवायची.

मोटारसायकलींची तऱ्हा आणखी वेगळी. बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. म्हैसूरच्या जावा आणि येझदीचा गिअर डावीकडे, आणि तोच दांडा वळवून किकही मारायची. मित्राची गाडी घेऊन निघालेल्याचा पाय ऐन वेळी ब्रेकऐवजी गिअरवर पडला, तर जिवावरच बेतायचे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि डावीकडचा गिअर घरोघरी पोहोचला. २००० च्या दशकात बुलेटचा गिअरही डावीकडे आला.

जागा बदलली, पण मूळ विद्या तीच राहिली. इंजिनाची गती आणि चाकाची गती यांचा मेळ बसला नाही की गाडी हिसका देते. म्हणून आधी रेस सोडायची, क्लच पूर्ण दाबायचा, दांडा ठामपणे हलवायचा आणि क्लच हळूहळू सोडत रेस द्यायची. कवितेच्या ओळीत यती असतो ना, तेवढाच तो क्षण. लांबला तर लय मोडते, गाळला तर ओळ अडखळते.

या विद्येची परीक्षा पाहायला आपला परिसर पुरेसा आहे. मुंब्रा बायपासच्या चढावर मालट्रकच्या मागे जाताना इंजिन कण्हू लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा लागतो. कल्याणच्या पत्री पुलावर गर्दी असली की पहिला आणि दुसरा, एवढ्यातच खेळ. तिथे काटा पाहायला सवड नसते, कानच सांगतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांतही गिअरची आणि बिनगिअरची मोटारसायकल असा भेद केला. १९८४ ची कायनेटिक होंडा आणि २००१ ची अॅक्टिव्हा यांनी हा दांडाच काढून टाकला. साडी नेसून कामावर निघालेल्या बाईला, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना त्यामुळे रस्ता खुला झाला. ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्याच्या हाती गिअरची गाडी आहे, त्याने ती शिकायला एखादा रिकामा रस्ता आणि रविवारची सकाळ जरूर द्यावी. मागे बसणाऱ्या माणसाचा जीव त्या सफाईवर असतो.